विचारा की! : हिरव्या शब्दांची भानगड

गेल्या अंकात मी ‘नेट मीटर’ हा शब्द बोलता बोलता टाकला आणि पुढं निघून गेलो, अर्थ काही सांगितला नाही. वाचकांनी बरोबर पकडलं. नुसतं नेट मीटर विचारून थांबले असते तर बरं, पण त्या निमित्तानं किलोवॅट, स्कोप टू, इथेनॉल, कार्बन क्रेडिट असं मनात साठलेलं सगळंच लोकांनी काढून पाठवलंय. म्हणून ह्या महिन्याला बाकीचे प्रश्न बाजूला. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून लिहिलंय, तेव्हा कुणाचंच छापलं नाही, गाव तेवढं ठेवलंय.

मुलगा म्हणतोय ३ किलोवॅटचं सोलर बसवूया, सरकार ७८ हजार देतंय. पण आमच्या गच्चीवर सोलर आहेच की, बारा वर्षं झाली! आणि कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत बिल शून्य येतंय. मग हे दुसरं कशाला? – एक काकू, शहापूर

काकू, चूक तुमची नाही. बेळगावात ‘सोलर’ म्हटलं की आंघोळीचं गरम पाणी, एवढंच डोळ्यापुढं येतं. तुमच्या गच्चीवरचा तो सोलर वॉटर हीटर, काळ्या काचेच्या नळ्या आणि वर टाकी, त्यात उन्हानं सरळ पाणी तापतं, करंटचा संबंधच नाही. मुलगा म्हणतोय ते सोलर पॅनेल, उन्हापासून वीज करणारं. दोन्हीचं ऊन एकच, काम वेगळं. आणि तुमचं जुनं काढून टाकायच्या भानगडीत पडू नका हं, पाणी तापवायला त्याच्याएवढं स्वस्त काही नाही, फक्त बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार बसतो तेवढा साफ करून घ्या.

आता किलोवॅट. नळ सुटल्यावर धार किती मोठी आहे ते किलोवॅट, आणि पाणी जायच्या आत बॅरल किती भरलं ते युनिट. २ किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की १ युनिट गेलं. तसंच ३ किलोवॅटचं पॅनेल म्हणजे ऊन कडक असताना ३ किलोवॅटपर्यंतची धार, दिवसाचं बॅरल वर्षाच्या सरासरीनं साधारण १२ युनिटचं. सरासरीनं म्हटलं, कारण जुलैत आपल्याकडं आभाळ पंधरा पंधरा दिवस उघडत नाही तेव्हा त्याच्या निम्मंही मिळणं अवघड, आणि मार्च-एप्रिलात मजा असते.

दिवसा घरात माणसं नसतात, वीज तर तेव्हाच तयार व्हायली असते. ती लाईनीवर जाते, रात्री तुम्ही लाईनीवरनं परत घेता, आणि दोन्हीकडनं मोजणारा मीटर वजाबाकी करून उरलेल्याचं बिल काढतो. हेच नेट मीटरिंग. स्थिर आकार मात्र सुटत नाही.

सबसिडी पीएम सूर्यघर योजनेची, २०२४ ची. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणून ७८. त्याच्या वर कितीही किलोवॅट बसवा, ७८ च. आणि कोटेशनवर ‘डीसीआर’ लिहिलंय का बघा. म्हणजे आतला सेलसुद्धा भारतात झालेला. बिगर डीसीआर पॅनेल स्वस्त पडतं पण सबसिडी हातची जाते.

माझी स्वतःची फसगत सांगतो. मी बसवून घेतलं तेव्हा विक्रेता म्हणाला, लाईन गेली तरी तुमच्या घरात उजेड. पहिल्याच वळवाला लाईन गेली आणि घरात अंधार, गच्चीवर ऊन पडलंय आणि पंखा बंद! शेजारी विचारायलेत काय झालं तुमच्या सोलरला. नंतर कळलं की बिनबॅटरीचा ऑन-ग्रिड, म्हणजे लाईनीला जोडलेला इन्व्हर्टर लाईन गेली की स्वतः बंद होतो आणि तो तसा व्हायलाच पाहिजे, नाहीतर आपली वीज उलटी लाईनीवर जाऊन खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जाईल. लाईन गेल्यावरही चालायला हवं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, खर्च चढतो.

राहिलं तुमचं शून्य बिल. गृहज्योतीत तुमच्या जुन्या सरासरीवर थोडं जादा, जास्तीत जास्त २०० युनिट माफ आहे. जे फुकट मिळायलंय ते वाचवायला दीड-दोन लाख घालायचे? माझं मत, आत्ता नको. पण मुलाच्या डोक्यात इलेक्ट्रिक गाडी, एसी, वरचा मजला असं काही असेल तर २०० ओलांडाल, आणि ओलांडलं की अख्खं बिल भरायचं असतं. तेव्हा आधी त्याला खरं कारण विचारा, मग गच्ची मोजा, तीनेकशे चौरस फूट लागतील.

आमचा फ्रीज ५ स्टार म्हणून घेतलेला. आता दुकानात तसाच फ्रीज ३ स्टार दाखवायलेत. फसवलं काय? – टिळकवाडी

नाही. बीईई म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, ते दर काही वर्षांनी फूटपट्टी कडक करतात. म्हणून स्टारच्या आधी लेबलवरचं वर्ष बघायचं आणि त्याच्या आधी वर्षाला किती युनिट ते बघायचं, तो आकडा खोटं बोलत नाही. एक जाता जाता: फ्रीजपेक्षा जुने पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तीसेक वॅट. बारा तास फिरला तर एका पंख्यामागं महिन्याला १६ युनिट वाचतात, घरात चार पंखे असले तर बघा हिशोब.

युरोपच्या पार्टीनं फॉर्म पाठवलाय, स्कोप वन, स्कोप टू, स्कोप थ्री भरा म्हणून. आमच्याकडं इंडक्शन फर्नेस म्हणजे विजेवरची भट्टी आहे, धूर पण नाही. काय लिहू? – एक फाउंड्रीवाले, उद्यमबाग

मालक, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. कारण ह्या सगळ्या हिरव्या शब्दांत खरा प्रश्न एकच असतो, हद्द कुठं आखली? आणि हद्द कुठं आखली की काय होतं हे आपल्या भागातल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

स्कोप वन म्हणजे तुमच्या कंपाउंडच्या आत जे जळतं ते. जनरेटरचं डिझेल, लॅडल म्हणजे लोखंड ओतायचं भांडं तापवायचा गॅस, कुणाकडं कुपोला भट्टी असेल तर तिचा कोक. स्कोप टू म्हणजे विकत घेतलेली वीज. तुमच्याकडं धूर नाही खरं, पण ती वीज कुठंतरी कोळसा जाळून आलीय, धूर तिकडं निघाला एवढंच. स्कोप थ्री म्हणजे बाकी सगळं, पिग आयर्न, स्क्रॅप, वाळू, माल नेणारी ट्रक, पुढं गिऱ्हाईक त्या मालाचं काय करतंय इथपर्यंत. तो आकडा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात अंदाजपंचे असतो.

ढोबळ हिशोब करून बघूया. एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट धरा. देशाच्या ग्रिडच्या एका युनिटमागं साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. झाले ४२० किलो. पण थांबा, वितळवलेल्या एका टनातनं एक टन माल कुठं निघतो? रनर, रायझर (साच्यात लोखंड ओतायच्या वाटांत आणि वरच्या नळीत गोठून राहतं ते), रिजेक्शन सगळं जाऊन समजा ६०० किलो चांगलं कास्टिंग निघालं, तर एक टन विकाऊ मालामागं वीज गेली १००० युनिट आणि कार्बन ७०० किलो. म्हणजे बघा, रनर-रायझर आखूड केले आणि रिजेक्शन कमी झालं तर बिल पण उतरतं, स्कोप टू पण उतरतो, कुणाचं सर्टिफिकेट विकत घ्यावं लागत नाही. तुमचा पॅटर्न बनवणारा मिस्त्री हा तुमचा क्लीन टेक्नॉलॉजीवाला, त्याला सांगा!

फॉर्म आलाय तो बहुतेक सीबॅममुळं. युरोपियन युनियननं बाहेरनं येणाऱ्या लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत अशा मालावर कार्बनचा आकार लावायचं ठरवलंय. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, जानेवारी २०२६ पासून खरा पैशाचा भाग. पण घाबरून सगळं भरत बसू नका, लोखंडाची प्रत्येक वस्तू त्यात येत नाही. तुमच्या मालाचा एचएस कोड, म्हणजे आयात-निर्यातीच्या कागदावरचा मालाच्या जातीचा नंबर, यादीत आहे का ते आधी एक्स्पोर्टच्या माणसाकडनं बघून घ्या. पाइप फिटिंगचा कोड यादीत आहे, सगळ्या कास्टिंगचा नाही. यादीत नसला तरी पार्टी आकडा मागू शकते, ती तिची गरज, पण मग उत्तर द्यायला जरा सवड मिळते.

माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरवर ‘झिरो एमिशन’ लिहिलंय. मित्र म्हणतो सगळं खोटं, पेट्रोलपेक्षा वाईट. कोण खरं? – कॉलेजचा विद्यार्थी, गणेशपूर

दोघं पण थोडे थोडे. वरचं उत्तर वाचलास तर कळेल, स्टिकरवाल्यानं हद्द गाडीच्या मागच्या चाकापाशी आखलीय. तिथं खरंच शून्य आहे, आणि गणपत गल्लीतल्या गर्दीत तुझ्या मागं उभं राहणाऱ्याला त्याचा फायदा आहेच. वीजघरापर्यंत हद्द नेली तर १०० किलोमीटरला चार्जिंगची नासाडी धरून साडेतीन युनिट, म्हणजे अडीच किलोच्या आसपास कार्बन. पेट्रोलची स्कूटर ४५ चं मायलेज देत असेल तर १०० किलोमीटरला सव्वादोन लिटर, लिटरमागं २.३ किलो, झाले पाच. म्हणजे निम्मं. बॅटरी बनवताना जास्त जातं ते खरं, पण रोज गाडी चालवणाऱ्याचं ते भरून निघतं. नुसती दारात उभी करून पुसायची असेल तर मित्राचं बरोबर.

कारखान्यानं इथेनॉल सुरू केल्यापासनं ऊस म्हणजे हरित इंधन म्हणायलेत. मग माझ्या बाईकचं मायलेज का कमी झालं, आणि बी-हेवी सी-हेवी काय असतं? – ऊस उत्पादक, निपाणी भाग

पाव्हणं, आधी मायलेज. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच दम असतो. २० टक्के मिसळलं, म्हणजे ई-२०, तर एका लिटरमागं कागदावर सहा-सात टक्के दम कमी. त्याच्यासाठी जुळवलेल्या नव्या इंजिनात फटका कमी बसतो कारण इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न येऊ द्यायचा गुण, जास्त. जुन्या गाडीत रबरी नळ्या, गॅस्केट तेवढे तपासून घ्या. मायलेज निम्म्यावर आलं म्हणणाऱ्यांनी मात्र आधी कार्बोरेटर बघावा.

मळीचं असं आहे, रसातनं साखर काढत काढत गेलं की शेवटी जी मळी उरते, जिच्यातनं परवडेल अशी साखर निघत नाही, ती सी-हेवी. एक टप्पा आधीच थांबलं तर मळीत साखर जास्त राहते, ती बी-हेवी, इथेनॉल जास्त पडतं, साखर कमी. थेट रसापासनं पण करतात. म्हणून साखरेचा तुटवडा दिसला की सरकार ह्याच्यावर बंधनं घालतं, २०२३ च्या डिसेंबरात घातली तशी.

आणि हरित का? ऊस वाढताना हवेतला जो कार्बन ओढतो तोच जळताना परत जातो, नवीन जमिनीखालनं येत नाही, हा त्यातला खरा भाग. पण ट्रॅक्टरचं डिझेल, युरिया, आणि पाणी? नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात उसाच्या एका लिटर इथेनॉलमागं २,८०० लिटरच्या वर पाणी धरलंय. तुम्ही ठिबक केलंय की पाट सोडलाय, ह्याच्यावर तुमचा ऊस किती हिरवा ते ठरतं. चिपाडं बॉयलरला घालून वीज करतात, ते को-जन, त्यात मला नाव ठेवायला जागा नाही. पाचट पेटवू नका एवढंच, कुजवा सरीत.

दुकानदार हिरवी पिशवी देतो, म्हणतो बायोडिग्रेडेबल आहे, टाका कुठं पण. खरं? – अनगोळ

टाका कुठं पण हेच खोटं. बायोडिग्रेडेबल हा सैल शब्द आहे, कधी आणि कुठं कुजणार ते त्यात सांगितलेलंच नसतं. काही पिशव्या उन्हात नुसत्या चुरा होतात, प्लास्टिक बारीक झालं एवढंच, गेलं नाही. कंपोस्टेबल हा शब्द जरा घट्ट. त्याच्यावर आयएस १७०८८ आणि केंद्रीय प्रदूषण मंडळाचा सर्टिफिकेट नंबर छापलेला पाहिजे. पण ती परीक्षा पण ५८ अंश तापलेल्या कंपोस्टच्या ढिगात घेतलेली असते, सहा महिन्यांत ९० टक्के कुजली की पास. बळ्ळारी नाल्यात कुठला आलाय ५८ अंशाचा ढीग? तिथं ती पण मोरीत बोळा होऊन बसणार. आपल्या कर्नाटकात प्लास्टिक पिशवीला २०१६ पासून बंदी आहे, म्हणून तर दुकानदारानं रंग बदललाय. जुन्या साडीची पिशवी शिवा.

निबंधासाठी : नेट झिरो आणि कार्बन न्यूट्रल एकच का? – बारावीची विद्यार्थिनी, खानापूर

बाळ, बोलताना लोक एकच धरतात, निबंधात धरू नको. कार्बन न्यूट्रल म्हणणारा आपला धूर आहे तसा ठेवून दुसऱ्याकडनं तेवढे क्रेडिट, म्हणजे कार्बन वाचवल्याच्या पावत्या, विकत घेऊन पण तसं म्हणू शकतो. नेट झिरोत आधी स्वतःचं जवळजवळ सगळं कमी करायचं, आणि जे काही केल्या कमी होत नाही तेवढंच शोषून घ्यायची सोय करायची. उपास करणं आणि दुसऱ्याला पैसे देऊन आपल्या नावानं उपास करायला लावणं, एवढा फरक. भारतानं २०७० साल सांगितलंय, २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत. आणि फक्त कार्बन डायऑक्साइड लिहू नको, मिथेन पण घाल. शेणाच्या ढिगातनं, भाताच्या तुंबलेल्या खाचरातनं निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात त्याच्यापेक्षा पंचवीस-तीस पट तापवतो. सगळे वायू एका मापात आणले की त्याला ‘कार्बन डायऑक्साइड समतुल्य’ म्हणतात.

एक माणूस गाडी घेऊन आला होता, काजूच्या बागेवर कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतात म्हणाला, उतारा आणि सही मागायलाय. द्यावी का? – खानापूर तालुका

नका देऊ. निदान आत्ता नका.

कार्बन क्रेडिट ही खोटी गोष्ट नव्हे. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा वाचवला किंवा हवेतनं काढला, ह्याची पावती. ज्याला स्वतःचं कमी करता येत नाही तो ही विकत घेतो. पण पावती फाडायच्या आधी एक प्रश्न विचारतात, हे पैसे मिळाले नसते तरी हे झालंच असतं का? तुमची बाग वडिलांनी लावलेली, ती आहेच. तिच्यावर क्रेडिट कशाचं? नवीन, जादा लागवड पाहिजे, आणि ती वर्षानुवर्षं टिकली पाहिजे. मोठं झाड ढोबळमानानं वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड ओढतं असं धरतात, म्हणजे एका क्रेडिटला पन्नास झाडं आणि एक वर्ष. त्यातनं मोजणीवाला, तपासणीवाला, मधला एजंट सगळ्यांचं जाऊन तुमच्या हातात काय राहील ते तुम्हीच बघा.

आणि मला भीती आहे ती कागदाची. करार इंग्रजीत, उतारा कन्नडात, वाचणारे तुम्ही मराठीत. वीस-तीस वर्षं झाड तोडायचं नाही असं कलम असलं तर उद्या पोरीच्या लग्नाला चार झाडं विकायची म्हटलं की अडचण. त्या माणसाला विचारा प्रकल्पाचा नोंदणी नंबर काय, व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्ड अशा संस्थांच्या यादीत तो कुणालाही बघता येतो. नंबर नाही म्हणाला, किंवा नोंदणीचे पाच हजार आधी भरा म्हणाला, तर चहा पाजा आणि वाटेला लावा. आमच्या ओळखीतल्या एकानं असेच पैसे भरले, ती गाडी परत गावात आलेली नाही.

माघात यल्लम्माला गेलो होतो. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या बऱ्याचशा थांबलेल्या. बिघडल्यात का? – येळ्ळूर

बिघडल्या नाहीत, वारा नव्हता. तीन मीटर सेकंदाला असा वारा असल्याशिवाय चक्की वीज करत नाही, बाराच्या पुढं पूर्ण जोर, आणि पंचवीसच्या वर गेला की मोडू नये म्हणून स्वतः थांबते. आपल्याकडचा खरा वारा मोसमी, जून ते सप्टेंबर. म्हणजे सोलर जेव्हा आजारी तेव्हा पवनचक्की जोरात, जोडी चांगली आहे. २ मेगावॅटची चक्की म्हणून वर्षभर २ मेगावॅट देते असं नाही, वर्षाच्या पूर्ण क्षमतेतलं किती टक्के प्रत्यक्ष मिळालं त्याला कपॅसिटी फॅक्टर म्हणतात, आणि वाऱ्याचा तो चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा एवढाच असतो.

मग जास्त झालेली वीज ठेवायची कुठं? तिथंच सौंदत्तीला पंप्ड स्टोरेजचा मोठा प्रकल्प आखलाय. वीज उतू चालली की खालच्या तळ्यातलं पाणी वर चढवायचं, कमी पडली की तेच खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. चढवताना जेवढी घालतो त्याच्या साधारण पाऊण हिस्सा परत मिळते. पडत्या पाण्याकडनं काम करून घेणं आपल्या जिल्ह्याला नवीन थोडंच आहे, गोकाकच्या धबधब्यावर १८८७ सालची गिरणी त्याच्यावरच चालायची.

पुढच्या वेळी जुलैत जाऊन बघा, सगळ्या फिरताना दिसतील. छत्री नेऊ नका, उलटी होते, रेनकोट घाला.